त्यांच्यासाठी की त्यांच्या वतीने?

नास्तिक माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याचे दहावे-तेरावे करावे की नाही, या प्रश्नावर महिन्याभरापूर्वी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात परिसंवाद झाला. श्रोत्यांत बहुतेक जण साठी उलटलेले होते, म्हणजे ज्यांना हा प्रश्न केवळ ऐकायचा नव्हता, स्वतःपुरता सोडवायचाही होता. एका वक्त्यांनी सांगितले की अंत्यविधी गेलेल्यासाठी नसतातच, ते मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असतात, तेव्हा मृताच्या मतांचा तिथे संबंध काय? दुसऱ्या वक्त्यांनी सांगितले की ज्याने आयुष्यभर कर्मकांड नाकारले त्याच्या देहाभोवती मंत्र म्हणणे हा विश्वासघात आहे आणि तो करणाऱ्या घरच्यांना कोणतीही सबब सांगता येणार नाही. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझे मिस्टर काही मानत नाहीत, मी सगळं मानते. मग त्यांच्यामागे मी काय करायचं?" त्यांना दोघांकडूनही उत्तर मिळाले नाही. हा लेख त्या बाईंच्या प्रश्नासाठी लिहितो आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मृताची इच्छा मोठी की जिवंतांचा शोक मोठा, ही निवडच चुकीची आहे, कारण मरणानंतर घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात आणि आपण दोन्हींना एकाच नावाने ओळखतो. काही गोष्टी मृताच्या वतीने घडतात: त्याच्या देहाचे काय करायचे, त्याच्या नावाने कोणता निरोप धाडायचा, कोणत्या परंपरेचा म्हणून त्याला वाटेला लावायचे. काही गोष्टी त्याच्यासाठी घडतात: कोणी त्याच्या आठवणीने दिवा लावतो, कोणी हरिपाठ म्हणतो, कोणी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो, कोणी नुसता गप्प बसून राहतो. जे त्याच्या वतीने होते त्यावर अधिकार त्याचाच असला पाहिजे, मग ते आपल्याला कितीही जड जावो. जे त्याच्यासाठी होते त्यावर अधिकार करणाऱ्याचा, आणि तिथे गेलेल्या माणसालाही कोणाला अडवता येणार नाही.

हे मला आमच्याच घरात उमगले. माझे धाकटे काका गेल्या वर्षी श्रावणात गेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी ३१ वर्षे लेथवर काम केले. युनियनमध्ये होते, भरपूर वाचत, आणि विशीपासून देव मानत नव्हते. काकू माळकरी, एकादशीचा उपास आणि रोज संध्याकाळचा हरिपाठ तिने कधी चुकवला नाही. थोरली मुलगी वडिलांच्या वळणावर गेलेली, धाकट्या मुलाने वसईच्या कॅथलिक मुलीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेले, आणि काकांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील, श्राद्धपक्ष काटेकोर पाळणारे. पाचपाखाडीतल्या दोन खोल्यांच्या त्या घरात ही सगळी माणसे सणावाराला एका पंगतीत जेवत आली, आणि काका हयात असेपर्यंत धर्मावरून कोणी ताटावरून उठल्याचे मला आठवत नाही. भांडण झाले ते चौथ्या दिवशी, घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत काकांच्या हातचा एक कागद सापडल्यावर.

वहीचे फाडलेले पान होते, निळी शाई, खाली सही आणि तारीख. तीनच ओळी. माझ्यावर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, दहावे-तेरावे घालू नये. डोळे द्यावेत. हिला तिच्या देवाचे जे करायचे असेल ते करू द्यावे, कोणी आड येऊ नये. तोवर जवाहर बाग स्मशानभूमीत लाकडे रचली गेली होती, गुरुजींनी गोत्र विचारले होते आणि वडिलांनी ते सांगितले होते, मुलाने खांद्यावर मडके घेऊन फेऱ्या घातल्या होत्या. डोळ्यांची ओळ आम्ही वाचली तेव्हा राख सावडूनही झाली होती. नेत्रदानाला मृत्यूनंतर सहा तासांच्या आतली वेळ असते. दोन माणसांना मिळू शकली असती ती दृष्टी कायमची गेली आणि तिचे दुःख मला आजही सर्वांत जास्त वाटते. उरल्या पहिली आणि तिसरी ओळ, आणि त्या दोन ओळी घरातल्यांनी वाटून घेतल्या. चुलत बहीण पहिली ओळ वाचून दाखवत राहिली, माझे वडील तिसरी. "बाबांनी स्पष्ट नाही म्हटलंय," ती म्हणे. "त्यानेच आड येऊ नका म्हणून लिहिलंय," वडील म्हणत. नौपाड्याच्या सभागृहात मी ऐकली ती याच पानाची दोन अर्धी होती. पान सलग वाचले तर त्यात कुठेही विरोध नाही: आपल्या नावाने काही करू नका म्हणून सांगणारा माणूस बायकोला तिच्या मनाने करू द्या असे त्याच पानावर सांगतो आहे.

तरीही दहावे झाले, आणि खाडीकाठी त्या सकाळी मी जे पाहिले ते इथे सांगायला हवे, कारण माझ्या मते सगळा युक्तिवाद तिथेच दडला आहे. पावसाने थोडी उघडीप दिली होती. पत्रावळीवर पिंड मांडले होते, शेजारी काकांना आवडणारी कांदाभजी कोणीतरी आठवणीने ठेवली होती. समोरच्या झाडावर दोन कावळे बसले होते आणि खाली उतरत नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. चुलत भाऊ म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. वडील म्हणाले, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. एका नातलगाने नातीच्या शिक्षणाचे सांगितले. तासभर हे चालले होते, आणि त्या तासाभरात आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असलेले एक वाक्य कोणीही उच्चारले नाही: तुम्ही लिहून ठेवलंत तसं वागू. मीही नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

कावळा का आला नाही याविषयी मला काहीच सुचवायचे नाही. तो न येण्याला साधी कारणे असतात. मला बोलायचे आहे ते त्या हात जोडण्याविषयी. काकस्पर्शाचा सगळा अर्थ मृताच्या इच्छेत आहे. काहीतरी मनात राहून गेले असेल, ते ओळखावे, मोठ्याने कबूल करावे आणि त्याला मोकळे करावे, एवढी ही प्रथा गेलेल्याच्या मनाची कदर करते. मग ज्याने आपली इच्छा कोणी ओळखावी म्हणून न सोडता स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवली, त्याचे ऐकायला याच परंपरेची अडचण का व्हावी? कावळा आला नाही तर दर्भाचा करून घेण्याइतकी जी परंपरा लवचीक आहे, ती एका सहीच्या कागदापुढेच ताठर होते असे मानण्याचे कारण काय? हा वाद परंपरा विरुद्ध व्यक्ती असा रंगवला जातो तेव्हा परंपरेवरही अन्याय होतो. घाटावर आडवी आली ती परंपरा नव्हती, लोक काय म्हणतील ही धास्ती होती.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ज्याचा आत्म्यावर विश्वास नव्हता, त्याच्याच मते मरणानंतर काही उरत नाही. मग चार पिंड ठेवले तर त्याचे काय बिघडते? न ठेवले तर मात्र त्याच्या बायकोचे सगळे बिघडते, कारण तिच्या डोळ्यांपुढे तो अतृप्त भटकत असतो. एका पारड्यात काहीच नाही आणि दुसऱ्या पारड्यात जिवंत माणसाची तडफड, तर तराजू कुठे झुकणार? हा युक्तिवाद हलका नाही आणि तो करणारी माणसे ढोंगी तर मुळीच नाहीत. सहाव्या की सातव्या रात्री काकूने मला विचारले होते, "तुझे काका आता कुठे असतील रे?" तिच्या आवाजातली भीती ज्याने ऐकली आहे तो तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू शकणार नाही. पन्नास वर्षे ज्याच्या शेजारी झोपली तो माणूस अंधारात एकटा चालतो आहे असे तिला खरोखरच वाटत होते.

पण या युक्तिवादात एक मोठी फट आहे. 'मेलेल्याला काय कळतंय' हे वाक्य श्रद्धावानाचे नव्हेच, ते नास्तिकाचे आहे. आत्मा उरतो असे मानले तर तो पाहतो आहे, ऐकतो आहे, आणि आपला शब्द मोडला गेलेला त्याला दिसतो आहे. मग तो शांत कसा होणार? आत्मा उरत नाही असे मानले तर पिंड पोचतो कोणाला? दोन्हींपैकी काहीही मानले तरी शब्द मोडायला आधार सापडत नाही. तो सापडतो तेव्हाच, जेव्हा पिंडापुरता आत्मा आहे असे मानायचे आणि वचनापुरता तो नाही असे धरायचे. शिवाय हे वाक्य आपण फक्त इथेच वापरतो. घर कोणाला द्यायचे हे गेलेल्याने लिहून ठेवले असेल तर त्यासाठी आपण कोर्टाची पायरी चढतो; तिथे 'त्याला काय कळतंय' असे कोणी म्हणत नाही. आणि उद्या एखाद्या नास्तिक मुलाने माळकरी आईच्या मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल घालू दिले नाही, 'तिला आता काय कळणार' म्हणून सांगितले, तर? त्याच्यावर सगळे तुटून पडतील, आणि तुटून पडलेच पाहिजे. जो नियम त्या आईसाठी, तोच काकांसाठी का नसावा?

हा प्रश्न कोणत्या एका विचारपक्षाचा आहे असाही समज दिसतो, आणि तो इतिहासाला धरून नाही. पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात आपल्यामागे कोणतेही धार्मिक विधी करू नयेत असे अगदी कळकळीने लिहिले होते. केवळ रीत म्हणून ते होऊ देणेसुद्धा ढोंग ठरेल आणि स्वतःची व इतरांची फसवणूक ठरेल असे त्यांचे म्हणणे होते. मे १९६४ मध्ये ते गेले आणि दिल्लीत त्यांच्यावर धार्मिक रीतीने अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईत सावरकर गेले. दहावे-तेरावे करू नये असे त्यांनीही सांगून ठेवले होते. त्यांचे दहन विद्युतदाहिनीत झाले. राजकारणात दोन टोकांना उभ्या असलेल्या या दोन माणसांनी आपल्या मरणाविषयी जवळजवळ एकच मागणे मागितले. देशाच्या पंतप्रधानाचे मागणे, सही-शिक्क्याचे असूनही, बाजूला पडले. सत्ता, कीर्ती, कागदपत्रे यांपैकी काहीही मेलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ती फक्त मागे राहिलेली आणि शब्द पाळायचे ठरवलेली माणसे.

महाराष्ट्राला हे कोणी शिकवायची गरज नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तकपुत्र यशवंताने टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचे मडके, धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. जोतीराव नास्तिक नव्हते, निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याला, मानणारे होते, पण जन्माने चिकटलेला विधी आणि तो सांगणारा मध्यस्थ हे दोन्ही त्यांनी नाकारले होते. त्या गदारोळात सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. देह मिठात घालून पुरावा ही जोतीरावांची इच्छा नगरपालिकेने परवानगी नाकारल्यामुळे पुरी होऊ शकली नाही आणि दहन करावे लागले. मला या प्रसंगातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी: इच्छा जशीच्या तशी पाळता आली नाही म्हणून सावित्रीबाईंनी उरलेले सगळे भाऊबंदांच्या स्वाधीन केले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बाबतीतही असेच झाले. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता, पण खून झाल्यामुळे शवविच्छेदन करावे लागले आणि देहदान शक्य राहिले नाही. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांचे दहन झाले, मुलीने अग्नी दिला आणि राख शेतात विखुरली. मार्ग बंद झाला तरी दिशा तीच ठेवता येते.

कायदा इथे फार दूरवर साथ देत नाही. मृतदेह ही कोणाची मालमत्ता नसल्यामुळे अंत्यविधीविषयीचे लेखी मागणे घराच्या किंवा पैशाच्या मृत्युपत्रासारखे बजावून घेता येत नाही, आणि देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी त्या घटकेला जवळचे नातेवाईक आडवे आले तर बहुधा काही होत नाही. केरळातले मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये गेले तेव्हा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा की ख्रिस्ती पद्धतीने दफन करायचा यावर त्यांच्या मुलांमध्येच वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. साक्षीदारांसमोर व्यक्त झालेली इच्छा ग्राह्य धरून देहदानाच्या बाजूने निकाल लागला, पुढे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. पण त्या काळात एक देह महिनोन्‌महिने शवागारात थांबून राहिला आणि भावंडे न्यायालयात समोरासमोर उभी राहिली. दफनाची मागणी करणाऱ्या मुलीचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. तिला वडिलांसाठी प्रार्थना हवी होती. ती करण्यासाठी वडिलांचा देह हाती असण्याची आवश्यकता होती का, हा मात्र विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आतापर्यंतचे वाचून विवेकवादी मित्रांना आनंद झाला असेल, तर पुढचे त्यांच्यासाठी आहे. मृताच्या इच्छेचा आधार घेऊन जिवंत माणसाच्या देवघरात शिरण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही. शोकसभेत 'या घरात आता तरी कर्मकांड बंद व्हावे' असे विधवेकडे पाहून बोलणारा कार्यकर्ता मी पाहिला आहे. त्या घरातल्या दिवंगत माणसाने पन्नास वर्षे बायकोला देवपूजेवरून एक शब्द सुनावला नव्हता. मग त्याच्यामागे त्याच्या नावाने तिला सुनावणारे आपण कोण? गेलेल्याच्या वतीने मंत्र म्हणणे जसे अनुचित, तसेच त्याच्या वतीने कोणाचा दिवा विझवणेही अनुचित. दोन्हींत आपण त्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालत असतो.

आणि विवेकवाद्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परंपरेला शोकाची व्यवस्था करता येते. पहिल्या दिवसांत घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा. कोण कधी भेटायला येणार, कधी काय करायचे, हे ठरलेले असते. माणूस जेव्हा काहीच ठरवण्याच्या अवस्थेत नसतो तेव्हा ही व्यवस्था त्याला हाताला धरून तेरा दिवस चालवते आणि चौदाव्या दिवशी पुन्हा दारात आणून सोडते. ज्या घरात 'काहीही करायचे नाही' एवढाच निर्णय होतो त्या घरात तिसऱ्या दिवसापासून भकास शांतता पसरते, लोक येणे थांबते कारण कधी यायचे हे त्यांना कळत नाही, आणि बायको आतल्या खोलीत बसून राहते. नकार हा शोकाचा आकार होऊ शकत नाही.

पण पिंडाशिवाय शोकाला आकार येतच नाही, हेही खरे नाही, आणि याचा पुरावा आपल्या अवतीभवतीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या साक्षीने त्यांच्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून लाखो घरांनी जलदान विधी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, वंदना आणि सामुदायिक भोजन यांतून आपल्या दुःखाला नवे वळण दिले. त्या घरांचा शोक कमी पडला का? त्या आया आपल्या मुलांना कमी रडल्या का? एका पिढीने सवय बदलली, दुसऱ्या पिढीला ती आपली वाटू लागली. नास्तिकांना असा आकार अजून घडवायचा आहे, आणि तो घडवणे हे भाषणांपेक्षा अधिक निकडीचे काम आहे. शेजारचा पिठलं-भात कोणत्याही धर्माचा नाही. दहाव्या दिवशी लोकांनी यावे, बसावे, गेलेल्याविषयी बोलावे, जेवून जावे, यालाही कोणत्या मंत्राची गरज नाही. त्याची तारीख मात्र आधी कळवली पाहिजे.

भाषेतही ही अडचण दिसते. मराठीत मेलेल्या माणसाला पत्ता द्यावा लागतो: कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी. बौद्ध घरांनी कालकथित हा शब्द रूढ केला. काही न मानणाऱ्यासाठी उरते ते साधे 'निधन'. काकांच्या निरोपात वडिलांनी 'वैकुंठवासी' लिहिले आणि बहिणीने तो शब्द खोडला. दोघांनाही मी समजू शकतो. वडिलांना भावाला कुठेतरी पोचवायचे होते. तरीही खोडणारी बरोबर होती, कारण तो निरोप काकांच्या नावाने जात होता.

इथे वाचक विचारतील की 'वतीने' आणि 'साठी' यांतली रेषा इतकी स्पष्ट असते का? नसते. काकांच्या सुनेने पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, मी बाबांसाठी मिस्सा करायला सांगितली तर चालेल का? त्यांना आवडलं नसतं ना?" मासुंदा तलावाच्या एका काठाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे आणि दुसरीकडे कौपीनेश्वराचे मंदिर, ठाण्याला अशा शेजाराची जुनी सवय आहे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या त्या प्रार्थनेत, काकांचे नाव घेतले जाणार होते, हे खरे. पण मागणारी ती होती, मागणे तिच्या देवाकडे होते, आणि काका ख्रिस्ती होते असा दावा त्यात कुठेच नव्हता. गोत्र उच्चारून जेव्हा विधी होतो तेव्हा गेलेल्याला एका कुळात, एका वाटेवर, प्रेत म्हणून आणि मग पितर म्हणून उभे केले जाते. तो स्वतः त्या विधीतला सहभागी असतो. सुनेच्या प्रार्थनेत काका सहभागी नव्हते, त्यांची आठवण होती. मी तिला सांगितले की तुला कोणाला विचारायचीही गरज नाही. नंतर लक्षात आले की त्या दहा दिवसांत काकांना काय आवडले असते असा प्रश्न बाहेरून आलेल्या त्या एकट्या मुलीने विचारला होता.

आणि ज्याने काहीच लिहून ठेवले नाही त्याचे काय? बहुतेक माणसे अशीच जातात. तिथे माझे मत असे की निर्णय सर्वांत जवळच्या माणसाचा, बहुधा जोडीदाराचा असावा, आणि बाकीच्यांनी तो निमूट मानावा. फक्त एक गोष्ट टाळावी: गेलेल्याला मागाहून आस्तिक करून घेणे. 'शेवटी त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं होतं', 'वरवर म्हणायचे, आतून मानायचे' अशी वाक्ये जवळजवळ प्रत्येक नास्तिकाच्या घरी ऐकू येतात. ती प्रेमापोटीच बोलली जातात, पण त्यांनी एका माणसाचे आयुष्यभराचे प्रामाणिक मत चार दिवसांत पुसले जाते. लिहून ठेवणाऱ्यांनीही कागद फायलीत दडवू नये. काकांच्या हातून झालेली चूक ही एवढीच, आणि तिची किंमत मोठी होती. ज्याला मडके धरायचे आहे त्याला, आणि जिच्या मनाला सर्वांत जास्त लागणार आहे तिला, हयातीतच समोर बसवून सांगायला हवे. असे बोलणे जड जाते, आमच्या घरात तर मरणाचा विषय निघाला की 'शुभ बोल' म्हणून गप्प केले जाते. पण दहा माणसे घाटावर उभी असताना ते बोलणे त्याहून जड जाते, हे मी पाहिले आहे.

काकांना पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाचा विषय निघाला तेव्हा या वेळी काकूच बोलली. तिने ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोथीबरोबर ठेवले आहे. ती म्हणाली, "त्यांच्या नावाने काही करू नका. पण आदल्या दिवशी माझ्या भजनातल्या बायका येतील, मी बोलावलंय त्यांना." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण काकांच्या वहीतली टिपणे वाचून दाखवणार आहे आणि सून सगळ्यांसाठी जेवण करणार आहे. कांदाभजी करायची असे ठरले आहे. वडिलांना फोन मी केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, भजनाला किती वाजता यायचे ते विचारले, आणि दुसऱ्या दिवसाविषयी अजून काही सांगितलेले नाही.